ब्रिटिश म्युझियमची अभ्यासिका : एका निनावी चित्रासाठी दीड तास

लंडनला लेकी-सुनांकडे जाणाऱ्या आणि चित्रकलेची आवड असणाऱ्यांनी एक सकाळ यासाठी राखून ठेवाच. ब्रिटिश म्युझियममध्ये 90 क्रमांकाच्या दालनाला लागून मुद्राचित्रं (ठशावरून कागदावर छापलेली चित्रं) आणि रेखाचित्रांची अभ्यासिका आहे. सुमारे 50,000 रेखाचित्रं आणि 20 लाखांहून जास्त मुद्राचित्रं त्यांच्याकडे आहेत. जलरंग उजेडानं उडतात, म्हणून भिंतीवर मोजकीच चित्रं लावतात. बाकीची मागितली की समोर आणून देतात, तीही फुकट. फक्त वेळ आधी ठरवायची, म्युझियमच्या संकेतस्थळावरून चित्राचा नोंदणी क्रमांक काढून कळवायचा आणि ओळखपत्र न्यायचं. टिपणं पेन्सिलीनंच घ्यायची.

मी टर्नरसारख्या नामवंत ब्रिटिश चित्रकाराचं चित्र मागितलं नाही. चित्रकाराच्या नावाच्या जागी नुसतं ‘अनामिक, ब्रिटिश’ लिहिलेलं नदीकाठचं एक लहानसं चित्र मागितलं. शाईच्या रेषा, वर जलरंग. सोलँडर पेटीतून, म्हणजे चित्रं जपून ठेवायच्या खास पेटीतून, ते माउंटसकट (भोवतीच्या जाड पुठ्ठ्यासकट) निघालं. (18व्या शतकात याच म्युझियममध्ये काम केलेल्या डॅनियल सोलँडर यांचंच नाव त्या पेटीला आहे.)

तीस वर्षं मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं, त्यामुळे माझी नजर आधी आकाशावर गेली. डावीकडे वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, नितळ उतरलाय. उजवीकडे रंग अर्धवट वाळल्यावर पुन्हा ओला ब्रश लागलाय आणि तिथं फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या कातरलेल्या कडेचा डाग उठलाय. माझ्या वर्गात दरवर्षी उठायचा, अगदी तोच! पुलाच्या कमानी मात्र ठाम. तिथं पेन एकदाही अडखळलेलं नाही. शाई तपकिरी दिसते. मायफळ आणि हिराकसाची शाई आधी काळी असते, काळानं अशी तपकिरी होते. ही तीच असावी.

हे कुणी काढलं असेल? चित्रकार पॉल सँडबी 1768 पासून लंडनमधल्या वुलिचच्या लष्करी अकादमीत कॅडेटांना रेखाटन शिकवायचे. सुखवस्तू घरांतल्या मुलींना शिकवायला घरी चित्रकलेचे मास्तर येत. 1780च्या सुमाराला विल्यम रीव्हज यांनी रंगाच्या सुक्या वड्या बाजारात आणल्या आणि रंगपेटी घेऊन नदीकाठी जाऊन बसणं सोपं झालं. हे चित्र अशाच कुणा शिकणाऱ्याचं असावं, असं माझं मन सांगतं.

आमच्या शाळेत निकाल लागला की मुलांचे कागद रद्दीत जायचे. मी दरवर्षी दोन-चार काढून घ्यायचे, बाकीचे गेले. म्हणून इथं त्या डागाळलेल्या आकाशाला पेटी, माउंट आणि नोंदणी क्रमांक मिळालेला बघून मला भरून आलं.

दीड तास कुणी उठवलं नाही. नंतर तिथल्या बाईंनी ते दोन्ही हातांनी उचलून परत पेटीत ठेवलं. पहिल्यांदा जाल तर दहा चित्रं मागू नका, एकच मागा. आणि घरातलं भिंग बरोबर न्या, ब्रशाचा फटकारा कुठं सुरू झाला आणि कुठं संपला ते त्यातून नीट दिसतं.