एमओटीच्या स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवला आणि 3,670 पौंड घालवले

हे लिहायला मला चार महिने लागले. आई-बाबांना अजून काहीच सांगितलेलं नाही, त्यांना वाटतंय गाडी गॅरेजमध्ये आहे. पण मागच्या आठवड्यात मला गाडी विकणाऱ्या माणसाच्याच नंबरवरून तशीच जाहिरात पुन्हा दिसली आणि माझं डोकंच फिरलं. इंग्लंडमध्ये नवीन आलेल्या, पहिली सेकंडहँड गाडी शोधणाऱ्या आपल्या लोकांनी हे वाचा. आणि वाचायला वेळ नसेल तर एवढंच करा: गाडीचा नंबर स्वतःच्या हातानं सरकारी एमओटी हिस्ट्रीच्या (एमओटी म्हणजे जुन्या गाडीची दरवर्षीची सक्तीची तपासणी) पानावर टाका. पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही, फक्त नंबर लागतो.

भारतातलं लायसन्स इथे बारा महिनेच चालतं, त्यामुळे पुन्हा सगळी परीक्षा देऊन मी यावर्षी जानेवारीत पास झालो. बायकोची हॉस्पिटलमध्ये सकाळी सातची शिफ्ट. रविवारी आमच्याकडे पहिली बस आठनंतर येते, म्हणजे दर रविवारी टॅक्सीचे 14 पौंड. चार हजारांत बसेल ती गाडी घ्यायची असं ठरवलं होतं. महिनाभर मी रोज रात्री जाहिराती चाळत होतो. सांगायचा मुद्दा हा की मी बेफिकीर नव्हतो. लोक म्हणतात तसा 'पहिली दिसली ती उचलली' असा प्रकार माझा नव्हता.

जाहिरात अशी होती: 2014 ची पेट्रोल हॅचबॅक, रनिंग 71,200 मैल, नऊ महिन्यांची एमओटी शिल्लक, किंमत 4,250 पौंड. फोटोत नंबर प्लेट पुसट केलेली. ही पहिली खूण, पण प्लेट झाकणारे प्रामाणिक लोकही असतात, म्हणून सोडून दिली. मी मेसेज केला, एमओटीची हिस्ट्री कशी आहे? पाच मिनिटांत त्यानं स्क्रीनशॉट पाठवला. वर सरकारी साइटची काळी पट्टी, खाली गाडीचा नंबर, रंग, इंधन, रजिस्ट्रेशनची तारीख आणि मग 2017 पासून 2024 पर्यंत ओळीनं आठ वेळा पास. मैल दरवर्षी शिस्तीत चढत गेलेले. एकही फेल नाही.

आता इथे थांबा, कारण माझे पैसे इथेच बुडाले.

स्क्रीनशॉटवरच्या गाडीच्या नंबरात '14' होतं. इथल्या नंबरात वयाचे दोन आकडे असतात. '14' म्हणजे मार्च ते ऑगस्ट 2014 मध्ये रजिस्टर झालेली गाडी. त्यानंतर सप्टेंबरपासून '64' सुरू झालं. आणि स्क्रीनशॉटवर रजिस्ट्रेशनची तारीख होती 21 नोव्हेंबर 2014. नोव्हेंबरची गाडी '14' ची कशी असेल? कुणी हौसेनं दुसऱ्या गाडीचा नंबर लावला असेल तर असा फरक पडू शकतो, पण ही अगदी साध्या नंबराची गाडी होती. आणि हा नियम मला माहीत नव्हता असंही म्हणता येत नाही. महिनाभर मी प्लेट बघून गाड्यांचं वयच ओळखत होतो, बायकोलाही मीच शिकवलं होतं. ती तारीख माझ्या डोळ्यांसमोर होती. मी ती वाचलीही होती. फक्त दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघितल्या नाहीत.

त्या रात्री बायकोनं विचारलं होतं, "तू स्वतः बघितलंस का रे साइटवर?" मी तिच्यावर खेकसलो. "त्यानं पाठवलंय ना, सरकारी पान आहे, आता अजून काय बघायचं?" हे वाक्य मला अजून झोपू देत नाही.

त्यानं काय केलं होतं ते आता कळलंय. त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची, त्याच रंगाची दुसरी एक चांगली गाडी शोधली, तिचं पान उघडलं आणि चित्रातला नंबर बदलला. तेवढंच. तारीख बदलायला तो विसरला आणि बघायला मी विसरलो.

शनिवारी, 22 फेब्रुवारीला, गाडी बघायला गेलो. घरी बोलावलं नाही, एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये बोलावलं. म्हणाला, घरी तान्हं बाळ आहे. लॉगबुकवर (गाडीच्या नोंदणीचं कागदपत्र, आपल्या आरसीसारखं) नाव दुसऱ्याचं होतं. म्हणाला, भावाची गाडी आहे. मी खाली वाकून टॉर्च मारला तर तळाला काळंभोर नवीन अंडरसील, म्हणजे गंज रोखणारा लेप, मारलेलं. मला वाटलं, किती निगा राखलीय! अहो, अकरा वर्षांच्या गाडीला विकायच्या आधी कुणी ताजं अंडरसील का मारेल, हा प्रश्न पडायला हवा होता. मीटरवर 71,212. भाव 3,900 ला तुटला. आदल्या दिवशी 200 पौंड टोकन पाठवलं होतं, उरलेले 3,700 तिथेच उभं राहून बँक ट्रान्सफर केले. त्यानं लॉगबुकातून हिरवी चिठ्ठी फाडून माझ्या हातात दिली, बाकीचं स्वतःकडे ठेवलं. लॉगबुकवरच्या नाव-पत्त्याचा फोटो मी काढला नाही. लॉगबुक म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, हे त्याच्यावरच छापलेलं असतं. तरीही फोटो काढा, माणसाच्या लायसन्सचाही काढा, आणि लॉगबुकवरच्या पत्त्यावर प्रत्यक्ष जाऊनच गाडी घ्या. तो पत्ता देत नसेल तर घरी परत या.

एप्रिलमध्ये चढावर गिअर टाकला की इंजिन नुसतं ओरडायला लागलं, गाडी पुढे सरकेना. गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकनं गाडीला हात लावायच्या आधी खिशातून फोन काढला, माझ्या प्लेटकडे बघून नंबर टाकला आणि फोन माझ्यासमोर धरला. एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

रजिस्ट्रेशन 19 मे 2014. मे 2022 मध्ये 1,18,604 मैल. मे 2023 मध्ये 1,29,877 मैल आणि फेल, डाव्या बाजूचा सिल (दाराखालची लोखंडी पट्टी) गंजलेला, 'मेजर' दोष. सहा दिवसांनी पास. आणि मे 2024 मध्ये 66,950 मैल. वर्षभरात गाडी 62,927 मैल मागे गेली आणि तशीच पास झाली. खाली ॲडव्हायझरी, म्हणजे पास करतानाच दिलेल्या 'इकडे लक्ष द्या' अशा सूचना, चार, त्यातली एक अशी की अंडरसीलमुळे तळाचा काही भाग बघता आला नाही. जाहिरातीतल्या नऊ महिन्यांप्रमाणे एमओटी नोव्हेंबरपर्यंत नव्हतीच, मे 2025 मध्येच संपत होती.

मग त्यानं गाडी वर उचलली, स्क्रूड्रायव्हरची मूठ सिलवर दोनदा ठोकली. पहिल्यांदा 'ठक' असा आवाज आला, दुसऱ्यांदा 'भस्स'. टोक टेकवलं तर ते आरपार गेलं आणि लाल भुगा त्याच्या मनगटावर पडला. वेल्डिंगचे 1,150, क्लचचे 780. तपासणीचे 60 घेतले. म्हणाला, हिच्यावर आता खर्च करू नका. शेवटी भंगारात 340 पौंडांना दिली. इन्शुरन्स रद्द करायचे 50. हिशोब करा: 3,900 अधिक 110, वजा 340. तीन हजार सहाशे सत्तर. इन्शुरन्सचे भरलेले हप्ते मी यात धरलेच नाहीत.

आणि एक समजून घ्या, पास म्हणजे गाडी चांगली असं नाही. एमओटी फक्त त्या दिवसापुरती. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स कसे आहेत हे त्यात बघतच नाहीत. म्हणून पास-फेलपेक्षा मैलांचे आकडे आणि ॲडव्हायझरी वाचा. तीच ॲडव्हायझरी तीन वर्षं येत असेल तर मालकानं गाडीवर पैसा लावलेला नाही. मध्येच एखादं वर्ष गायब असेल तर विचारा गाडी कुठे होती. लॉगबुकवरचा अकरा आकडी नंबर टाकला की टेस्ट कुठे झाली तेही दिसतं.

आता तक्रारींचं सांगतो, कारण फसवणुकीपेक्षा जास्त संताप मला याचा आहे.

पोलिसांना फोन केला. ऐकून घेतलं आणि म्हणाले, हा दिवाणी वाद आहे, ऑनलाइन तक्रार करा. ऑनलाइन तक्रार केली, स्क्रीनशॉट जोडला, खरं पान जोडलं, चॅट जोडलं. एक रेफरन्स नंबर मिळाला. पाच आठवड्यांनी पत्र आलं की तपासाला पुरेसा धागा नाही. धागा नाही? त्याचा फोन नंबर दिलाय, बँक खातं दिलंय, बनावट पान दिलंय! अजून मी काय, त्याला हात धरून आणून द्यायचा का?

ग्राहकांच्या हेल्पलाइनवर चाळीस मिनिटं होल्डवर थांबलो. पलीकडची बाई गोड बोलत होती. डीलरकडून घेतली असती तर तीस दिवसांत दोष दाखवून परत करता आली असती, पण खाजगी व्यक्तीकडून घेतलीत म्हणून तो हक्क नाही, म्हणाली. मी म्हटलं, याच नंबरवर त्याच्या तीन गाड्या विकायला आहेत, हा खाजगी कुठला? धंदेवाल्यानं खाजगी असल्याचं सोंग घेणं गुन्हा आहे ना? तर म्हणे, हो, आम्ही माहिती पुढे पाठवतो, ते तुमच्याशी संपर्क करतीलच असं नाही. नाहीच केला. मी दोनदा पत्र पाठवलं. उत्तर नाही.

बँकेचं तर विचारूच नका. फसवून पैसे पाठवायला लावले तर बँकेनं परत द्यायचे, असा नियम ऑक्टोबर 2024 पासून लागू आहे. मला वाटलं सुटलो. बँक म्हणाली, तुम्हाला गाडी मिळाली, म्हणजे हा खरेदीदार-विक्रेत्यातला वाद, नियमात बसत नाही. म्हणजे त्यानं गाडी दिलीच नसती तर मला पैसे मिळाले असते, आणि गंजलेली, मीटर फिरवलेली गाडी दिली म्हणून मिळणार नाहीत.

राहिला कोर्टाचा मार्ग. या रकमेच्या दाव्याची फी 205 पौंड. तीही भरली असती, पण प्रतिवादीचं नाव आणि पत्ता लागतो. माझ्याकडे फक्त एक टोपणनाव आहे.

इथे दहा वर्षं राहिलेला एक दादा मला म्हणाला, "अरे, एवढं साधं तुला कसं माहीत नव्हतं?" नव्हतं माहीत. आपल्याकडे आरसी, इन्शुरन्स, पीयूसी बघतात आणि ओळखीचा मेकॅनिक सोबत नेतात. गाडीचं वर्षावर्षाचं रनिंग कुणालाही फुकट बघता येतं, हे डोक्यातच नव्हतं. म्हणून तर त्यानं पाठवलेल्या चित्राचं मला एवढं कौतुक वाटलं. आणि हो, त्या पानावर गाडीवरचं कर्ज किंवा मोठा अपघात कळत नाही, त्यासाठी वेगळा पैसे देऊन चेक करावा लागतो. तोही करा.

मागच्या आठवड्यातल्या जाहिरातीचं सांगायचं राहिलं. तीच पार्किंगची भिंत, तोच फोन नंबर, यावेळी लाल गाडी, 58,000 मैल. एका फोटोत काचेत प्लेटचं उलटं प्रतिबिंब दिसत होतं. मी ते आरशात धरून वाचलं आणि नंबर टाकला. मागच्या वर्षीच्या टेस्टला 1,04,310 मैल. मी जाहिरातीच्या साइटला तीनदा कळवलं, तिन्ही वेळा आपोआप येणारं 'धन्यवाद' आलं. काल रात्री बघितलं तर जाहिरातीवर 'विकली' असं लिहिलं होतं.