टीव्हीवरील रेकॉर्डिंग नेमके कोणाच्या मालकीचे? आई-वडिलांच्या घरातील दीड वर्षाच्या वापरानंतरचा अनुभव

यंदाच्या मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि विट्याजवळच्या आमच्या गावातील घरातला डीटीएचचा, म्हणजे छत्रीवरून वाहिन्या देणाऱ्या सेवेचा, सेट टॉप बॉक्स बंद पडला. त्याबरोबर आईने अकरा महिन्यांत पेनड्राइव्हवर जमवलेले ४३ कार्यक्रमही गेले. कंपनीने बॉक्स बदलून दिला, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. पेनड्राइव्हला काहीही झालेले नव्हते. मात्र तो नव्या बॉक्सला लावताच पडद्यावर सूचना आली की हा ड्राइव्ह या बॉक्सचा नाही, वापरायचा असल्यास फॉरमॅट करा. संगणकाला लावून पाहिला तर फाइली दिसत होत्या, त्यांचे आकारही बरोबर होते, पण एकही उघडत नव्हती. त्या ४३ कार्यक्रमांत गावच्या भजनी मंडळाचा सह्याद्री वाहिनीवर झालेला अर्ध्या तासाचा कार्यक्रम होता आणि त्यात माझी मावशी टाळ घेऊन पहिल्या रांगेत बसली होती.

घरात आई ७३ वर्षांची आणि वडील ७८ वर्षांचे आहेत. फोनवर वाहिन्यांची अ‍ॅप आहेत, परंतु लॉगिन, ओटीपी आणि डेटा संपणे या तीन गोष्टींमुळे त्यांचा वापर आठवडाभरही टिकला नाही. म्हणून मागील वर्षी जूनमध्ये पेनड्राइव्हवर रेकॉर्डिंगची सोय असलेला एचडी बॉक्स घेतला आणि ३२ जीबीचा पेनड्राइव्ह लावून दिला. रिमोटवरील लाल बटण ओळखता यावे म्हणून आईने त्यावर स्वतःची टिकली चिकटवली, आणि त्या एका टिकलीमुळे पहिले दोन महिने मला एकही फोन आला नाही. त्या काळात मी नातेवाइकांना हाच बॉक्स घ्या असे सांगत होतो.

पुढे अडचणी आल्या, पण त्या समजण्यासारख्या होत्या. बॉक्समध्ये ट्यूनर, म्हणजे वाहिनी पकडणारा भाग, एकच असल्याने साडेसातची मालिका रेकॉर्ड होत असताना वडिलांनी बातम्यांसाठी वाहिनी बदलली की बॉक्स ‘रेकॉर्डिंग थांबवायचे का?’ असे विचारत असे आणि वडील ओके दाबत असत. दोन ट्यूनरच्या बॉक्ससाठी छत्रीपासून दुसरी केबल ओढावी लागते आणि तो खर्च आम्हाला नको होता. अखेर बातम्या सातच्या पाहायच्या असे ठरले. दुसरी अडचण बोर्डावरील बटणाची होती. वडील झोपण्यापूर्वी सर्व बटणे बंद करतात, आणि वीजच नसेल तर टायमर चालणार कसा? बॉक्स स्टँडबायवर दहा वॉट घेतो असे धरले तरी महिन्याला ७.२ युनिटच होतात, हा हिशेब कागदावर मांडून दाखवल्यावर त्यांनी ते बटण सोडले. जागा वाढावी म्हणून मी माझी जुनी ५०० जीबीची हार्ड डिस्कही जोडून पाहिली, परंतु यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअरच वीज मिळते. तेवढ्यावर ती डिस्क नुसती टकटक करीत राहिली.

कुलूपबंद फाइलींची गोष्ट मात्र मला अजूनही सोडवत नाही. ग्राहक सेवा केंद्राला मी सहा वेळा फोन केला आणि दोन पत्रे पाठवली. प्रत्येक वेळी पेनड्राइव्ह फॉरमॅट करण्याचाच सल्ला मिळाला, आणि शेवटी लेखी उत्तर आले की रेकॉर्डिंग ही पूरक सोय असून तिची जबाबदारी कंपनीवर नाही. घरी आलेल्या तंत्रज्ञाने भेटीचे २५० रुपये घेतले, पण निदान कारण तरी सरळ शब्दांत सांगितले. बॉक्स रेकॉर्डिंग करतानाच फाइल सांकेतिक करतो आणि ती उलगडण्याची किल्ली त्याच बॉक्समध्ये असते; बॉक्स गेला की किल्लीही गेली.

सुरुवातीला मला हा निव्वळ कंपनीचा लोभ वाटला. नंतर विचार केल्यावर ते मत थोडे बदलले. पैसे भरून पाहायच्या वाहिन्यांचे कार्यक्रम कोणीही उतरवून वाटू नयेत, ही त्या वाहिन्यांची अट समजण्यासारखी आहे. परंतु सह्याद्री ही दूरदर्शनची, म्हणजे सार्वजनिक पैशातून चालणारी वाहिनी आहे आणि ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. तिच्यावरील भजनाला तेच कुलूप का? आमचा बॉक्स वाहिनी कोणती हे न पाहता सर्वच रेकॉर्डिंग बांधून ठेवतो, आणि ही गोष्ट विक्रीच्या वेळी कोणीही सांगत नाही. खोक्यावर ‘अमर्याद रेकॉर्डिंग’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले आहे.

जूनमध्ये मी डीडी फ्री डिशची वेगळी छत्री बसवली. ही सेवा २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली आणि तिला मासिक शुल्क नाही. तिच्या वाहिन्या ९३.५ अंश पूर्वेला असलेल्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात, त्यामुळे आधीच्या कंपनीच्या छत्रीवर काम भागले नाही. छत्री, एलएनबी (छत्रीवरचा सिग्नल घेणारा भाग), केबल, यूएसबी असलेला साधा बॉक्स आणि बसवण्याची मजुरी मिळून मला २,३५० रुपये खर्च आला. माझ्या बॉक्सवर सह्याद्रीचे रेकॉर्डिंग साधी फाइल म्हणून उतरते, ती संगणकावर चालते आणि दुसऱ्या पेनड्राइव्हवर तिची प्रत काढता येते. मला हवे होते ते एवढेच.

हा बॉक्स आईने स्वतः लावावा असा मात्र नाही. उपग्रहावरून येणारी वेळ जागतिक प्रमाणवेळ असते आणि त्यात साडेपाच तास बॉक्सने मिळवायचे असतात. ही नोंद मेनूमध्ये शून्यावर राहिली होती, त्यामुळे पहिली तीन रेकॉर्डिंग भलत्याच वेळेची निघाली. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असल्याने एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. साध्या, एचडी नसलेल्या प्रक्षेपणाला सेकंदाला ३ मेगाबिट धरल्यास तासाला सुमारे १.३५ जीबी लागतात, म्हणजे तीन तासांपर्यंतचे कीर्तन एका फाइलीत बसते. एचडी प्रक्षेपणाला सेकंदाला ८ मेगाबिट धरल्यास तीच मर्यादा सुमारे ७० मिनिटांत येते आणि पुढचा भाग वेगळ्या फाइलीत जातो. आईला दुसरी फाइल उघडायची हे सांगावे लागते; एकदा सांगितल्यावर तिला ते जमले.

जुलैमध्ये आषाढीची शासकीय महापूजा रेकॉर्ड करताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. ती पूजा पहाटे अडीचच्या सुमारास असते, परंतु बोलताना आपण ‘दशमीच्या रात्री’ म्हणतो आणि टायमरमध्येही त्याच दिवसाची तारीख टाकतो. मध्यरात्रीनंतर तारीख बदललेली असते, त्यामुळे टायमर एकादशीच्या तारखेला लावावा लागतो. मी फोनवरून आईकडून तारीख दोनदा वाचून घेतली, सुरुवात पंधरा मिनिटे आधीची आणि शेवट अर्धा तास नंतरचा ठेवला, आणि पूजा पूर्ण मिळाली. सकाळी उपवासाचे आटोपून दोघांनी ती शांतपणे पाहिली.

फ्री डिशवरील खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात, त्यामुळे आज दिसणारी मराठी वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असे नाही. मालिकांसाठी या सेवेवर विसंबू नये. ज्या घरात फक्त मालिका उद्या पाहण्यापुरत्या हव्या आहेत, तिथे डीटीएचचा बॉक्स आणि पेनड्राइव्ह पुरेसा आहे, आणि वापरायलाही तोच सोपा आहे. पण जे जपून ठेवायचे आहे, ते त्यावर एक दिवसही ठेवू नये. घेण्यापूर्वी दुकानदाराला त्याच दुकानात रेकॉर्डिंग करून दुसऱ्या बॉक्सवर चालवून दाखवायला सांगावे. तो टाळाटाळ करील तर उत्तर मिळालेच.

आमच्याकडे आता दोन्ही बॉक्स आहेत, दोन रिमोट आहेत आणि आईची टिकली फ्री डिशच्या रिमोटवर गेली आहे. महापूजेच्या दोन प्रती काढल्या असून त्यातील एक तिच्या लोखंडी कपाटात आहे. भजनी मंडळाचा कार्यक्रम पुन्हा दाखवावा यासाठी मी वाहिनीला पत्र लिहिले आहे. डीटीएचचे वार्षिक रिचार्ज मार्चमध्ये संपेल. मालिकांपुरते ते चालू ठेवू, एचडीचे जादा पैसे मात्र यापुढे भरणार नाही.