कार्नौबा पेस्ट वॅक्स: पांढऱ्या हॅचबॅकवर आठ महिने

२०० ग्रॅमचा डबा, किंमत ५५० रुपये. गाडी पांढरी हॅचबॅक, पुण्यात सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी, धुवायला बोअरचं पाणी. ऑक्टोबर ते मे या काळात सहा हात मारले. डबा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर आतलं वॅक्स अजून १५० ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे एका हाताला साधारण आठ ग्रॅम, पैशांत २२ रुपये. धुण्यापासून शेवटच्या पुसण्यापर्यंत दर वेळी अडीच तास जातात, आणि वॅक्सची किंमत मोजायची तर ती या तासांत मोजायला हवी.

कार्नौबा म्हणजे ब्राझीलच्या ईशान्य भागात वाढणाऱ्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. ते सुमारे ८२ ते ८६ अंशांना वितळतं आणि शुद्ध रूपात इतकं कडक असतं की गाडीवर पसरवताच येत नाही. म्हणून डब्यात त्याच्यासोबत मऊ मेणं, तेलं आणि उडून जाणारं सॉल्व्हंट असतं. लावल्यावर सॉल्व्हंट उडतं आणि मागे पांढरट साय धरते. ती पुसली की डोळ्यांना दिसणारही नाही इतका पातळ थर उरतो. या एका गोष्टीवरून पुढचं सगळं कळतं: जाड लावून काही जास्त टिकत नाही, जास्तीचा माल फक्त कापडात जातो.

घेताना डब्यावर ‘क्लीनर’ हा शब्द आहे का ते पाहा. क्लीनर वॅक्समध्ये बारीक घासणारे कण किंवा मळ काढणारी रसायनं असतात. जुन्या, निस्तेज रंगावर ते एकदा मारायला उत्तम. पण दर दीड महिन्याला मारत राहिलं तर क्लिअरकोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, थोडा थोडा झिजतो, आणि तो मुळातच ४०-५० मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतो. वारंवार लावायचं असेल तर न घासणारं साधं वॅक्स घ्या. हे परीक्षण त्याच प्रकाराचं आहे.

लावण्याआधीची तयारी टाळली तर वॅक्सला दोष देऊ नका. शाम्पूने धुऊन, कोरडी करून, पातळ प्लास्टिकच्या पिशवीत बोटं घालून बॉनेटवरून फिरवा. खरखर लागली तर क्ले लागणार, म्हणजे रंगात रुतलेले कण ओढून काढणारा, मळता येणारा मऊ गोळा. भोसरी-चाकणसारख्या कारखान्यांच्या पट्ट्यात किंवा रेल्वेमार्गाजवळ गाडी उभी राहत असेल तर लोखंडाचे कण हमखास रुतलेले असतात. क्लेचा ४०-५० ग्रॅमचा तुकडा पुरतो. शाम्पूच्या पाण्याने भाग सतत ओला ठेवायचा, दोन हातभर जागा झाली की क्ले मळून नवी बाजू वर आणायची. जमिनीवर पडलेला तुकडा थेट कचऱ्यात. त्यात अडकलेला एक खडा अख्ख्या दारावर रेघ ओढतो.

आता लावणं. सावली हवी आणि पत्रा हाताला गार लागायला हवा. मार्चनंतर पुण्यात हे फक्त सकाळी आठच्या आत जमतं, तेही गाडी रात्रभर उभी असेल तर. नुकत्याच चालवून आणलेल्या गाडीचं बॉनेट तासभर तरी गरम राहतं. फोमचा गोल पॅड किंचित ओला करून पिळायचा, डब्यात एकदा हलकेच फिरवायचा आणि अर्ध्या बॉनेटला तेवढंच वापरायचं. लावलेलं जेमतेम दिसलं पाहिजे. पांढऱ्या गाडीवर ते दिसतच नाही, म्हणून मोबाइलची टॉर्च तिरकी धरून जागा सुटली का ते पाहावं लागतं.

काळ्या प्लास्टिकला आधी १८ मिमीची मास्किंग टेप लावा. बंपरचा खालचा भाग, वायपरखालची जाळी, दारावरची पट्टी, एसयूव्ही असेल तर चाकांवरच्या कमानी. खरबरीत प्लास्टिकमध्ये वॅक्स शिरून वाळलं की पांढरे चट्टे उठतात आणि पावसात भिजूनही जात नाहीत. लागलंच तर ओलं असतानाच दमट कापडाने पुसा. वाळलं असेल तर सर्वकामी क्लीनर एकास दहा पाण्यात मिसळून मऊ ब्रशने घासा, आणि ते पाणी शेजारच्या रंगावर ओघळू देऊ नका, नाहीतर तिथलं वॅक्सही जाईल. पुढच्या काचेला वॅक्स अजिबात नको; वायपर फिरला की धूसर पट्टे पडतात आणि रात्री समोरचे दिवे पसरलेले दिसतात.

बहुतेकांचं काम बिघडतं ते काढताना. डब्यावर ‘पाच ते दहा मिनिटं वाळू द्या’ असं छापलेलं असतं, पण मिनिटांवर विसंबू नका, बोट फिरवून पाहा. बोटाखाली साय सरळ निघून खाली स्वच्छ रंग दिसला तर झालं. ओशट रेघ उठली तर थांबा. जानेवारीच्या कोरड्या हवेत इथे चार मिनिटं पुरली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हवेत ओल होती तेव्हा बारा मिनिटं लागली. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत याहून जास्त धरा. त्यामुळे अख्खी गाडी लावून मग पुसायची ही पद्धत उन्हाळ्यात चालत नाही. एक पॅनल लावा, दुसरं लावा, मग पहिलं पुसा.

जास्त वाळून साय घट्ट बसली तर जोर लावू नका. त्याच जागी वॅक्सचा अगदी पातळ नवा हात फिरवा आणि लगेच पुसून टाका. नव्या थरातलं सॉल्व्हंट जुन्याला मऊ करतं. कापड ३०० ते ३५० जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचं), आखूड धाग्यांचं मायक्रोफायबर, शिवलेलं लेबल कापून. एक कापड साय उचलायला, दुसरं स्वच्छ कापड शेवटच्या हाताला. एकाच कापडावर भागवलं की काढलेलं वॅक्स पुन्हा गाडीवर पसरतं. जुनी बनियन किंवा पिवळं फडकं नको. कापडं धुताना फॅब्रिक सॉफ्टनर टाकू नका, धाग्यांवर त्याचा लेप बसतो आणि कापड काही उचलेनासं होतं.

सगळं पुसून झाल्यावर तासाभराने पुन्हा पाहा. अडकलेलं सॉल्व्हंट हळूहळू बाहेर पडतं आणि स्वच्छ दिसलेल्या जागी धुरकट ढग उमटतात. गडद रंगावर हे फार दिसतं आणि लोक त्याला ओरखडे समजतात. कोरड्या कापडाचा हलका हात पुरतो. दुसरा थर द्यायचा असेल तर तो दुसऱ्या दिवशी. लगेच दिला तर त्यातलं सॉल्व्हंट पहिला थरच विरघळवतं. दुसऱ्या थराने जाडी वाढत नाही, सुटलेल्या जागा भरतात.

आता टिकाऊपणा. दारांवर दहा आठवड्यांनंतरही धुताना पाणी घसरत होतं. बॉनेट आणि टपावर हिवाळ्यात सात आठवडे, एप्रिल-मे मध्ये जेमतेम चार. मे महिन्यात उन्हातला पत्रा हाताला सोसवत नाही, आणि मिश्रणातली मऊ मेणं कार्नौबाच्या बरीच आधी हार मानतात. ‘सहा महिने संरक्षण’ असं ज्या डब्यावर लिहिलं आहे ते आपल्या उन्हात खरं ठरत नाही.

वॅक्सवर पाणी पसरत नाही, त्याचे गोल थेंब, म्हणजे मोती, बनतात. ते मोती दिसले नाहीत म्हणून वॅक्स गेलं असं लगेच ठरवू नका. धुळीच्या थरावर मोती बनतच नाहीत. आधी शाम्पूने धुवा, मग पाहा. उलट बाजूही लक्षात घ्या. बोअरच्या जड पाण्याचे मोती उन्हात वाळले तर प्रत्येकाचं एकेक पांढरं वर्तुळ उरतं. वॅक्स केलेल्या गाडीवर ही वर्तुळं जास्त ठळक दिसतात. ताजी असली तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन निघतात, पण त्या जागचं वॅक्सही कमजोर होतं. धुतल्यावर लगेच कोरडी करणं हाच उपाय.

या वॅक्सने पैसे वसूल केले ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, आंब्याखाली. मोहरावरचे तुडतुडे जो चिकटा टाकतात तो उघड्या रंगावर धुळीसकट बसतो आणि नखाने खरवडावासा वाटतो. वॅक्सवर तो शाम्पूच्या एका हातात सुटला. पारव्यांच्या विष्ठेबाबत मात्र भ्रमात राहू नका. वॅक्सने थोडा वेळ मिळतो, पूर्ण बचाव नाही. उन्हात तापून फुगलेला क्लिअरकोट संध्याकाळी आकसतो तेव्हा वाळलेल्या विष्ठेभोवती त्याचा ठसा उमटतो. ओला टिश्यू पाच मिनिटं ठेवून उचला, घासू नका.

ओरखड्यांपासून वॅक्स वाचवत नाही. आणि रोज सकाळी एकाच बादलीत, एकाच फडक्याने दहा गाड्या पुसल्या जात असतील, त्यात आपलीही असेल, तर हे वॅक्स घेऊच नका. त्या धुळीच्या घासण्याने थर पंधरा दिवसांत जातो आणि गोल गोल रेघा मागे राहतात. पुसणाऱ्याचा दोष नाही, कमी पाण्यात आणि कमी वेळात त्याला दुसरं काही शक्य नसतं. त्याला फक्त काचा आणि आतली सफाई सांगा, पैसे तेवढेच द्या, आणि बाहेरून आठवड्यातून एकदा स्वतः धुवा. हे जमणार असेल तरच पुढचा विचार करा. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर चकाकीतला फरक फोटोत दिसणार नाही, हेही आधीच सांगतो. हाताला गुळगुळीतपणा कळतो आणि धुण्याचा वेळ कमी होतो, एवढाच नफा. गडद लाल किंवा काळ्या रंगावर खोली येते ती मात्र डोळ्यांना दिसते.

नुकतं रंगकाम झालेल्या पॅनलला ६० ते ९० दिवस वॅक्स नको, गॅरेजच्या रंगातलं सॉल्व्हंट बाहेर पडायला वाट हवी. मॅट फिनिशला कधीच नको.

पावसाळ्यासाठी या डब्याऐवजी पॉलिमर सीलंट, म्हणजे मेणाऐवजी कृत्रिम पदार्थाचा थर देणारं, घेणार आहे, सततच्या पाण्यात ते जास्त तग धरतं. त्यासाठी जुनं वॅक्स आधी पूर्ण काढावं लागतं, नाहीतर सीलंट मेणावर बसतं आणि मेणासोबतच जातं. भांड्यांच्या साबणाने थर कमजोर होतो, पूर्ण जात नाही, आणि रबर कोरडं पडतं ते वेगळंच. क्ले फिरवून मग १५-२० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचं पाणी कापडावर घेऊन पॅनल दोनदा पुसायचं. पाणी मोत्यांऐवजी सपाट पसरलं की काम झालं. उरलेला डबा झाकण घट्ट लावून घरात, थंड जागी ठेवायचा. डिकीत ठेवला तर मे महिन्यात आतलं वितळून तेल वेगळं होतं, आणि झाकण सैल राहिलं तर वॅक्स कडेपासून सुटून भेगाळतं, मग ते पॅडवर येतच नाही.