कायाकवर ७×५० दुर्बीण: नऊ महिने झाले, एक झाकण कमी

सर्व्हिस सेंटरचं पार्सल काल आलं, म्हणून लिहायला बसलोय. दुर्बीण दुरुस्त झाली. झाकण पाठवलं नाही. समोरच्या भिंगाचं रबरी झाकण, आकार लोणच्याच्या बरणीच्या झाकणाएवढा. ते सुटं मिळत नाही म्हणे, 'पूर्ण किट' घ्या, साडेसहाशे रुपये, कुरिअर वेगळं. साडेसहाशेत मी गळ घेतो, शिसं घेतो, वर चहा पितो.

हे झाकण ऑक्टोबरात पहिल्याच आठवड्यात गेलं. मालवणजवळ देवबागला, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे. नुसत्या रबरी कडीत अडकवलेलं, वाऱ्याने फडफडत होतं, पॅडल लागलं आणि सुटलं. पट्टा तरंगणारा दिलाय, अंगावर 'मरीन' लिहिलंय, आणि झाकणाला साधी दोरी नाही! कारखान्यात कोणी एकदा तरी होडीत बसलं असेल का, अशी शंका येते.

असो. आधी माझ्याकडे १०×४२ होती, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, समोरचं भिंग ४२ मिलिमीटरचं. पक्षी बघणाऱ्या मित्राचा सल्ला. गच्चीवरून झकास, पण कायाकवर हाताची थरथरही दहापट. आणि बसल्यावर आपला डोळा पाण्यापासून जेमतेम ९० सेंटिमीटर वर, म्हणजे क्षितिजच साडेतीन किलोमीटरच्या आत. दहापट करून बघायचं काय? सात पटीत चित्र बऱ्यापैकी थांबतं. शिवाय ५० भागिले ७, म्हणजे सात मिलिमीटरचा झोत डोळ्यात येतो. हेलकाव्यात डोळा जरा सरकला तरी काळोख होत नाही. दोन्ही डोळ्यांचा फोकस एकदाच लावायचा, मग लांबचं सगळं स्वच्छ. एका हातात पॅडल असताना याची किंमत कळते.

वजन मात्र किलोभर. लाइफ जॅकेटवर लोंबकळते आणि पॅडल मारताना हनुवटीला लागते. मी पट्टा आखूड करून काखेतून घेतला.

खरा उपयोग पाखरांचा. सुरय पक्षी एकाच जागी सूर मारतायत की नुसतेच पुढे चाललेत, हे साध्या डोळ्याला अर्ध्या किलोमीटरवरून कळत नाही. सूर मारत असतील तर खाली तारली मासे, आणि तारलीखाली त्यांना खाणारा कोकेर असायची शक्यता. सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, उलट अर्धा किलोमीटर वल्हवायचं की नाही, एवढ्यावर ठरतं. दुसरा उपयोग, संगमावरच्या लाटा. आतून बघताना फुटणाऱ्या लाटेची पाठच दिसते, म्हणून ती लहान वाटते. मी पाच मिनिटं दुर्बिणीतून फेस मोजतो, मगच बाहेर. बघण्याआधी होडीचं नाक लाटेकडे वळवा. एकदा आडवा बसून बघत राहिलो आणि न्याहारी खाडीला अर्पण झाली.

किनाऱ्यावर जाळं शिवणारे एक काका म्हणाले, "अरे झिला, पाखरां डोळ्यांनी दिसतत मां? मगे ह्या कित्याक?" उत्तर नव्हतं. त्या दिवशी त्यांच्या टोपलीत दोन तांबोशी होत्या, माझ्याकडे एक टोळ मासा.

एप्रिलमध्ये डाव्या भिंगाच्या आत धुकं धरलं. सर्व्हिसवाले म्हणाले, पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. अहो, खोक्यावर आयपीएक्स ७ छापलंय, एक मीटर पाण्यात अर्धा तास! ती चाचणी गोड्या पाण्यातली, म्हणे. हे खोक्यावर का नाही? सात ईमेल, दोन महिने. शेवटी सील बदलून, आत पुन्हा धुकं धरू नये म्हणून नायट्रोजन भरून दिला, फुकट. आता घरी आल्यावर प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुतो. वाळलेलं मीठ फडक्याने पुसलं की भिंगावर ओरखडे आलेच. माझ्या उजव्या भिंगावर आहेत. झाकण असतं तर नसते.

इथवर शनिवारी लिहिलं होतं आणि पाचपैकी तीन द्यायचं ठरवलं होतं. एक झाकणाचा कापला, एक ईमेलांचा.

आज रविवार. समुद्र खवळलेला, म्हणून भाच्याबरोबर खाडीतच, काठाकाठाने. गळाला शिंगाळा मासा लागला, सोडवताना काटा अंगठ्यात मोडला. ठणका असा की काठावर येऊन बसलो. काट्याचं टोक दिसेना, चाळिशीचा चष्मा घरी. भाचा म्हणाला, "मामा, दुर्बीण उलटी करूया." त्याने मागचं छोटं भिंग अंगठ्याच्या अगदी जवळ धरलं, मी मोठ्या बाजूने एक डोळा लावला. अंगठ्याच्या रेषा नांगरलेल्या शेतासारख्या दिसल्या आणि मधोमध काटा. गळ काढायच्या पकडीने दुसऱ्या झटक्यात बाहेर. अंगठा अजून सुजलेला आहे, गरम पाण्यात बुडवून उरलेल्या हाताने टाइप करतोय.

चार देतो.

त्या गडबडीत राहिलेलं झाकणही कडीतून निसटलं. उताणं पडलं म्हणून बुडालं नाही, वाटीसारखं तरंगत सुकतीबरोबर पलीकडच्या काठावरच्या भोगव्याकडे निघालं. दुर्बिणीतून बराच वेळ दिसत होतं.