काचेआडचा जुना संगणक

तयार जोडलेला एक डेस्कटॉप संगणक मी ऑनलाइन विकत घेतला आणि त्यात फसलो. फसलो हा शब्द लिहिताना थोडे अडखळायला होते, कारण जाहिरातीत दिलेल्या बहुतेक गोष्टी अक्षरशः खऱ्या होत्या आणि धडधडीत खोटी निघाली ती एकच. माझे अधिक नुकसान मात्र त्या खोट्या गोष्टीपेक्षा खऱ्या गोष्टींनीच केले, आणि म्हणूनच हे तपशिलाने लिहून ठेवावेसे वाटले.

ध्वनिचित्रमुद्रित केलेल्या व्याख्यानांचे संपादन करणे हे माझे काम. जुना संगणक त्याला पुरेनासा झाल्यावर मी दोन पर्याय समोर ठेवले. एक साध्या काळ्या कॅबिनेटचा होता, पुढून जाळीचा, आणि त्याच्या माहितीत प्रत्येक भागाचा पूर्ण मॉडेल क्रमांक दिलेला होता. दुसरा पुढून आणि बाजूने काचेचा होता, आत रंग बदलणारे दिवे लावलेले चार पंखे होते आणि ते रंग बदलायला रिमोटही होता. त्याच्या माहितीत 'आय-७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४८० जीबी एसएसडी, ४ जीबीचे जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड, ५०० वॉटचा एसएमपीएस' एवढेच लिहिले होते (एसएसडी म्हणजे माहिती साठवणारी डिस्क, एसएमपीएस म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा). दोन्हींची किंमत जवळपास सारखी होती. मी काचेचा घेतला. दिवसभर डोळ्यांसमोर राहणारी वस्तू देखणी असावी ही इच्छा त्यामागे होतीच, पण त्याहून मोठी चूक एका गृहीतकाची होती : बाहेर इतकी निगा राखणारा माणूस आत कसर करणार नाही, असे मी धरून चाललो. विक्रेत्याचा हिशेब नेमका उलटा असतो. एकूण खर्च ठरलेला असताना जे छायाचित्रात दिसते त्यावर तो आधी पैसे घालतो आणि जे दिसत नाही ते उरलेल्या पैशांत भागवतो. त्या जाहिरातीतली छायाचित्रे मी नंतर पुन्हा पाहिली, तेव्हा लक्षात आले की सगळी दिव्यांचीच होती आणि एकाही छायाचित्रात कोणत्याही भागावरचे लेबल वाचता येत नव्हते.

देखणेपणासाठी तडजोड करणे हा गुन्हा नव्हे. ॲपलने २००० साली 'पॉवर मॅक जी४ क्यूब' नावाचा पंखा नसलेला, पारदर्शक आवरणातला लहानसा संगणक आणला होता. तो फार सुंदर होता, पण विस्ताराला त्यात जागा कमी होती आणि वर्षभरातच, २००१ च्या जुलैमध्ये, त्याचे उत्पादन थांबले. मात्र तो घेणाऱ्याला आपण ४५० मेगाहर्ट्‌झचा जी४ प्रोसेसर घेत आहोत हे ठाऊक होते. दोन्ही पारडी समोर होती. त्यातले जड कोणते मानायचे हे ग्राहकाने ठरवायचे होते. माझ्या बाबतीत एक पारडे झाकलेले होते.

पहिले काही आठवडे तक्रारीला जागा नव्हती, कारण त्या काळात मी ब्राउझर आणि लेखनापलीकडे काही केले नाही. पुढे दीड तासाचे एक व्याख्यान अंतिम स्वरूपात काढायला घेतले, तेव्हा पंखे किंचाळू लागले आणि विसाव्या मिनिटाला संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. तिसऱ्यांदा तसेच झाल्यावर मी बाजूची काच काढली आणि एकेक भाग तपासायला बसलो.

प्रोसेसर आय-७ होता, यात शंका नाही. तो कोअर आय-७ २६०० होता, म्हणजे जानेवारी २०११ मध्ये बाजारात आलेला, दुसऱ्या पिढीचा. इंटेलच्या या मालिकेत आय-३, आय-५, आय-७ ही नावे फक्त त्या त्या पिढीतली पायरी सांगतात. पिढी कळते ती पुढच्या क्रमांकावरून, जसे २६०० मधला २ किंवा १२१०० मधले १२. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या आय-३ १२१०० मध्येही माझ्यासारखेच चार कोअर (काम करणारे स्वतंत्र भाग) आणि आठ थ्रेड (एका वेळी चालणारी कामे) आहेत, पण एका कोअरच्या कामात तो माझ्या 'आय-७'च्या जवळपास दुप्पट वेगाने चालतो. जाहिरातीत 'आय-७' एवढेच लिहिणे खोटे नव्हते, अपुरे होते. असे अपुरे सत्य मुद्दामच लिहिले जाते, असे माझे आता ठाम मत आहे.

मदरबोर्डवर कोणत्याही कंपनीचे नाव नव्हते. चिपसेट, म्हणजे बोर्डावरचे भाग एकमेकांशी जोडणारी चिप, एच६१ होता, तोही २०११ चाच. जुन्या बोर्डांवरून काढलेले चिपसेट नव्या पाटीवर बसवून असे बोर्ड तयार केले जातात, त्यामुळे ते दिसायला कोरे असतात. त्यावर डीडीआर३ प्रकारची रॅम होती. १६ जीबी हा आकडा बरोबर, प्रकार एक तप जुना. एसएसडीही खरी होती आणि तिच्या वेष्टनावर सेकंदाला ५५० एमबी असा वेग छापलेला होता, पण एच६१ चे साटा पोर्ट, म्हणजे डिस्क जोडायच्या जागा, सेकंदाला ३ गिगाबिटचे असल्याने प्रत्यक्षात २८० एमबीच्या वर ती कधीच गेली नाही. रुंद नळाला अरुंद जलवाहिनी जोडावी, तसा तो प्रकार होता.

ग्राफिक्स कार्ड मात्र उघड खोटे होते. विंडोजमध्ये त्याचे नाव 'जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी' असेच दिसत होते, म्हणून मी इतके दिवस निश्चिंत होतो. एनव्हिडियाचा ताजा ड्रायव्हर टाकला, तेव्हा ते कार्ड चालेनासे झाले. मग जीपीयू-झेड हे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर चालवले, तर त्याने कार्डाच्या नावाआधी सरळ 'फेक' असा शब्द दाखवला. ही सोय त्यात २०१८ पासून आहे. आतली चिप २०१० च्या जीटीएस ४५० ची होती. खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ कूडा कोअर (चित्राचे गणित करणारे छोटे घटक) असतात, हिच्यात १९२ होते. प्रत्यक्ष मेमरी १ जीबी होती आणि कार्डाच्या बायॉसमध्ये, म्हणजे त्यात साठवलेल्या मूळ आज्ञावलीत, फेरफार करून नाव आणि मेमरीचा आकडा बदललेला होता. विंडोज कार्डाला त्याचे नाव विचारते आणि कार्ड जे सांगेल तेच दाखवते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. गंमत म्हणजे, कोणतेही सॉफ्टवेअर न चालवताही हे ओळखता आले असते. १०५० टीआय ज्या पास्कल पिढीतले आहे, त्या चिपमध्ये ॲनालॉग आउटपुटची सोयच नाही, आणि माझ्या कार्डावर निळा व्हीजीए पोर्ट, म्हणजे ॲनालॉगच, डोळ्यांसमोर होता. मी त्याला मॉनिटर जोडत होतो, तोही रोज.

संगणक पुनःपुन्हा का बंद पडत होता, त्याचे उत्तर एसएमपीएसच्या लेबलवर होते. वर ठळक '५०० वॉट' आणि खालच्या कोष्टकात १२ व्होल्टच्या रांगेत १८ अँपिअर. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः याच १२ व्होल्टवर चालतात, आणि १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॉट. प्रोसेसरच्या वीजवापराचा ठरीव आकडा ९५ वॉट, जीटीएस ४५० चा १०६ वॉट. पंखे, दिवे आणि डिस्क धरल्यावर शिल्लक काहीच राहत नाही. खरे १०५० टीआय ७५ वॉटमध्ये भागते, म्हणजे नकली कार्ड काम कमी करून वीज जास्त खात होते. कार्यक्षमतेचे '८० प्लस' हे चिन्ह त्या डब्यावर नव्हते आणि हातात घेतल्यावर तो रिकाम्या टिनासारखा हलका लागला. त्यात पुढची काच. चार पंख्यांपैकी तीन त्या काचेमागे होते आणि हवा आत यायला कडेला बोटभर फट होती. बाजूची काच काढून ठेवताच प्रोसेसरचे तापमान १४ अंशांनी उतरले. पंखे हवेसाठी नव्हतेच, दिवे धरून ठेवायला होते.

विंडोज ११ ची अधिकृत अट इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरची आणि टीपीएम २.० या सुरक्षेच्या चिपची आहे. माझ्या संगणकावर ती तपासणी टाळून विंडोज ११ बसवले होते आणि परवानाही अस्सल नव्हता. विंडोज १० चा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे मागे जाण्यात अर्थ नव्हता.

विक्रेत्याला लिहिले, तेव्हा उत्तर आले की परतीची सात दिवसांची मुदत संपली आहे आणि वस्तू वर्णनाप्रमाणेच आहे. प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी यांबाबत त्याचे म्हणणे खोडता येत नव्हते, कारण पिढी त्याने लिहिली नव्हती आणि मी विचारली नव्हती. जीपीयू-झेडचे चित्र, व्हीजीए पोर्टचे छायाचित्र आणि जाहिरातीची जपून ठेवलेली प्रत पाठवल्यावर, बऱ्याच टाळाटाळीनंतर, फक्त कार्डाची रक्कम परत मिळाली. ती किती धरायची हेही त्यानेच ठरवले. पहिल्या सात दिवसांत एखादा मोठा व्हिडिओ तासभर चालवून पाहिला असता, तर सगळाच संगणक परत करता आला असता. ती मुदत मी दिव्यांचे रंग बदलण्यात घालवली.

पुढच्या वेळी दोन विक्रेत्यांना एकच पत्र पाठवले. प्रोसेसर, मदरबोर्ड, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएस यांचे पूर्ण मॉडेल क्रमांक बिलावर लिहून द्याल का, रॅम डीडीआर४ आहे की डीडीआर५, आणि एसएमपीएसच्या लेबलचे वाचता येईल असे छायाचित्र मिळेल का, एवढेच त्यात विचारले होते. एकाने सगळे क्रमांक त्याच दिवशी पाठवले. दुसऱ्याने 'गेमिंगसाठी उत्तम' असे लिहून रंगीत पंख्यांचा एक व्हिडिओ पाठवला. मी पहिल्याकडून घेतला. तो पुढून जाळीचा आहे आणि टेबलाखाली असतो. काचेचे कॅबिनेट टाकून दिलेले नाही, कारण त्यात बोर्ड बसवायची जागा आणि छिद्रे प्रमाणित मापाची आहेत. पुढची काच उतरवून तिथे जाळी लावली, तर एखादा चांगला बोर्ड त्यात नीट चालू शकेल.