लोखंड जुने, रबर नवे: कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून घेतलेले सस्पेन्शनचे भाग

माझी फियाट पालिओ २००२ सालची, १.६ लिटर पेट्रोल इंजिनाची आहे. इंजिनाबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती, तक्रार होती ती वळणाची. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याच्या पुलावर लांब वळण घेताना गाडी एका अंगावर इतकी कलायची की मागे बसलेली आई दरवाज्यावरचे हँडल घट्ट धरून ठेवत असे. लेन बदलल्यावर तर गाडी एकदा इकडे, एकदा तिकडे डोलून मगच सरळ होई. टायर नवे होते आणि हवाही बरोबर होती, त्यामुळे दोष खाली सस्पेन्शनमध्ये, म्हणजे चाकांवर गाडी तोलणाऱ्या स्प्रिंग-शॉकरच्या रचनेत, कुठेतरी आहे हे उघड होते.

घाटकोपरच्या आमच्या मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतली तेव्हा तीन गोष्टी दिसल्या. चारही शॉकर तेल गाळत होते, स्प्रिंग बसल्या होत्या आणि पुढचा अँटीरोल बार जागेवरच नव्हता. आधीच्या मालकाच्या काळात बारच्या लिंकचा (बार चाकाकडच्या भागाला जोडणाऱ्या छोट्या दांडीचा) खडखडाट थांबवण्यासाठी कोणीतरी लिंक बदलण्याऐवजी अख्खा बारच काढून टाकला होता. आवाज थांबला, पण त्याबरोबर गाडीचा तोलही गेला. हा बार म्हणजे दोन्ही चाकांच्या आर्मना (चाक धरून ठेवणाऱ्या हातांना) जोडणारी पोलादी दांडी. वळणावर बाहेरचे चाक दबते आणि आतले सुटते, तेव्हा ही दांडी पिळवटते आणि तो पीळ गाडीचे कलणे आवरतो. सरळ रस्त्यावर दोन्ही चाके एकदम वरखाली होतात तेव्हा ती नुसती आपल्या बुशांमध्ये, म्हणजे ती धरणाऱ्या रबरी बैठकींमध्ये, फिरते, म्हणून तिच्यामुळे गाडी कडक होत नाही.

फियाटच्या नव्या मोटारी आता भारतात विकल्या जात नाहीत. रबरी भाग आणि शॉकर अजून नवे मिळतात, पण बार आणि मूळ स्प्रिंग नव्या मिळवण्यासाठी मी दोन महिने दुकानांमध्ये विचारत फिरलो आणि शेवटी कुर्ल्याला गेलो. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्यातच होता. पद्मिनी तिथे तयार झाली आणि पुढे २००१ पासून पालिओही तिथेच तयार होऊ लागली. माझी गाडी जिथे जन्मली त्याच उपनगरात तिच्या जोडीच्या गाड्या आता सुट्या होऊन मिळतात, याचे मला वाईटही वाटते आणि आधारही वाटतो.

सीएसटी रोड हे नाव ऐकून अनेकांना छत्रपती शिवाजी टर्मिनस आठवते, पण या रस्त्याचे नाव सेंट्रल साल्सेट ट्रामवेवरून पडले आहे. ट्रॉम्बे ते अंधेरी अशी ती छोटी रेल्वे १९२८ ते १९३४ अशी जेमतेम सहा वर्षे चालली आणि तिच्याच मार्गावर पुढे हा रस्ता झाला. आज त्याच्या दोन्ही अंगांना दरवाजे, बंपर, गिअरबॉक्स आणि चाके यांच्या चळती लागलेल्या असतात. ज्या दुकानाबद्दल मी लिहितो आहे त्याला पाटी नाही. मुख्य रस्त्यावरून आत वळणाऱ्या एका गल्लीत ते आहे आणि तिथे बहुतेक सगळा माल फियाट आणि जुन्या ह्युंदाई गाड्यांचा असतो. मालक मूळचे रत्नागिरीकडचे, साठीच्या आसपासचे आणि अतिशय मोजके बोलणारे आहेत.

मी बार मागितला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, ''गाडी पेट्रोल की डिझेल? आणि जुना पार्ट आणलाय का?'' जुना पार्ट नव्हताच, म्हणून मी ब्रॅकेटच्या भोकांमधले अंतर लिहून नेले होते. त्यांनी मागच्या बाजूने धडक बसलेल्या एका पालिओचा बार काढून दिला आणि ती गाडी मला दाखवलीही. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अपघाताच्या गाडीचे भाग घेताना धक्का कोणत्या बाजूला बसला हे स्वतः पाहावे आणि विरुद्ध बाजूचेच भाग घ्यावेत. म्हणून पुढच्या स्प्रिंग मी त्याच गाडीच्या घेतल्या, मागच्या मात्र दुसऱ्या गाडीच्या.

बार त्यांनी फरशीवर ठेवला आणि दोन्ही टोके जमिनीला सारखी टेकतात का ते मला वाकून बघायला लावले. मी गंज कापडाने पुसून वाकणांच्या आतल्या बाजूला नखाने चाचपले, कारण तडा गेला तर बहुधा तिथेच जातो. बुश बसते त्या जागी रंग उडून लोखंड चकचकीत झाले होते, पण खाच पडलेली नव्हती. खाच असती तर नवे बुशही तिथे सैल बसले असते आणि खडखडाट परत आला असता. स्प्रिंगची परीक्षा याहून सोपी आणि याहून कठोर आहे. स्प्रिंग जुनी झाली म्हणून तिचा ताठरपणा फारसा कमी होत नाही, कमी होते ती तिची उंची. म्हणून पुढची किंवा मागची जोडी म्हणून दिलेल्या दोन स्प्रिंग सपाट जागेवर शेजारी उभ्या करून उंची मोजावी, शेवटचा वेढा कापलेला किंवा तापवलेला नाही ना ते पाहावे आणि गंजाचे खोल खड्डे असतील तर घेऊ नये. एका जोडीत मला ७ मिमीचा फरक दिसला. मालकांनी काही न बोलता ती जोडी उचलून भंगाराच्या ढिगात टाकली आणि दुसरी आणली.

शेजारच्या एकाने दुसऱ्या कंपनीच्या गाडीचा जाड बार दाखवून ''हा टाका, गाडी रस्त्याला चिकटेल'' असे सुचवले. मी तो घेतला नाही. बारचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे २० मिमीऐवजी २२ मिमीचा बार टाकला तर तो सुमारे दीडपट ताठर होतो. तो फक्त पुढेच टाकला तर वळणावर पुढची चाके आधी पकड सोडतात आणि गाडी बाहेर सरकू लागते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. त्याच मॉडेलचा मूळ भाग बसवणे हे या दोन्ही दृष्टींनी सुरक्षित आहे.

शॉकर मात्र मी जुने घेतले नाहीत, त्याचे कारण एक जुना अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी याच शहरातल्या एका दुसऱ्या दुकानातून मी मागचे दोन शॉकर घेतले होते. काळा रंग ताजा, हाताने दाबून पाहिले तर जोरही चांगला. तिसऱ्या आठवड्यात पावसाळी रात्री पूर्व द्रुतगती मार्गावर गाडीचा मागचा भाग उड्या मारू लागला आणि सकाळी पाहिले तर दोन्ही शॉकरच्या रंगावरून तेलाचे ओघळ आले होते. सील आतून फाटलेले असते ते बाहेरून कोणालाही दिसत नाही. हीच गोष्ट बुश, लिंक, स्ट्रटचे (शॉकर आणि स्प्रिंग एकत्र असलेल्या खांबाचे) माउंट आणि बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा फिरता सांधा) यांची आहे. ज्या गाडीत बॉल जॉइंट आर्मलाच जोडलेला येतो तिचा जुना आर्म स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. कुर्ल्याचे हे मालकही त्याच मताचे निघाले. मी विचारल्यावर त्यांनी सरळ सांगितले, ''शॉकर माझ्याकडे आहेत, पण तुम्हाला देणार नाही. नवे घ्या.'' दुकानावर माझा विश्वास बसला तो या वाक्याने.

बसवताना एका गोष्टीवर मी अडून बसलो. रबरी बुशांचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना पूर्ण आवळायचे नसतात. चाके जमिनीवर टेकून गाडीचे वजन आल्यावरच शेवटचा पाना मारायचा, नाहीतर बुश कायम पिळवटलेल्या स्थितीत राहते आणि काही महिन्यांत फाटते. मेकॅनिकने त्यासाठी गाडी लिफ्टवरून उतरवून गॅरेजमधल्या कामाच्या खड्ड्यावर घेतली. त्यानंतर लगेच अलाइनमेंट केले, कारण स्ट्रट उघडल्यावर चाकांचे कोन हलतात.

खर्च असा झाला: बार ९०० रुपये, पुढच्या स्प्रिंग १,६०० आणि मागच्या १,२००, म्हणजे जुन्या मालाचे ३,७०० रुपये. नवे रबर आणि लिंक २,४००, चार नवे शॉकर ९,६००, मजुरी ३,५०० आणि अलाइनमेंट ६००, असे सगळे मिळून १९,८०० रुपये. जुना माल एकूण खर्चाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहे. जो माणूस फक्त जुना माल घालून काम भागवू पाहतो, तो नेमक्या चुकीच्या ठिकाणी पैसे वाचवतो.

आता जोडरस्त्याच्या त्याच वळणावर गाडी थोडीशी कलते आणि तिथेच थांबते. स्टिअरिंग वळवल्यावर नाक लगेच वळते, आणि लेन बदलल्यावरचे डोलणे पूर्ण गेले आहे. आईने गेल्या महिन्यात हँडल धरले नाही, ते मी आरशात पाहिले. तोटाही एक आहे. आरेतल्या रस्त्यावर एकच चाक खड्ड्यात गेले की बार तो धक्का दुसऱ्या बाजूलाही पोचवतो आणि गाडी डावी-उजवी हलते. बार नसताना हे जाणवत नव्हते.

दुकानाबद्दल आणखी सांगायचे तर पावती मिळते आणि तीवर भाग कोणत्या गाडीचा आहे ते, चासी क्रमांकासह, लिहिलेले असते. त्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागदही मला मागितल्यावर दाखवला. चोरीचा माल आपल्या गाडीत जाऊ नये अशी ज्याला काळजी असेल त्याने याशिवाय काहीही घेऊ नये. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी दुकान बंद असते. व्हर्नियर आणि मोजपट्टी आपली न्यावी.

काम झाल्यावर आठ दिवसांनी मी सपाट जागी चाकाच्या कमानीची उंची मोजली, तर मागची डावी बाजू उजवीपेक्षा १२ मिमी खाली होती. एक स्प्रिंग वजनाखाली बसली होती. ती काढून घेऊन मी दुकानात गेलो. मालकांनी ती हातात फिरवून पाहिली, माझ्या गाडीच्या उजव्या स्प्रिंगची उंची विचारली आणि तिच्याशी जुळणारी शोधायला अर्धा तास आतल्या खोलीत घालवला. पैसे घेतले नाहीत. मजुरीचे ६०० रुपये मला पुन्हा द्यावे लागले, पण पावतीवर बदलाची नोंद त्यांनी स्वतः तारखेसह करून दिली.