एका शितावरून परीक्षा: बास्केटबॉल रेफरन्स आणि ॲरन बेन्सचे पान

आकडेवारीच्या संकेतस्थळाची परीक्षा घ्यायची असेल, तर नामवंत खेळाडूचे पान उघडून फारसे काही हाती लागत नाही. लेब्रॉन जेम्सच्या नोंदी कुठेही गेलात तरी चोख आणि भरगच्चच सापडणार. म्हणून बास्केटबॉल रेफरन्स या संकेतस्थळाविषयी लिहायचे ठरल्यावर मी शीत म्हणून ॲरन बेन्सचे पान उचलले. 208 सेंटिमीटर उंचीचा हा ऑस्ट्रेलियन सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, 2013 ते 2021 या काळात एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये 5 संघांकडून 522 सामने खेळला. त्याची दर सामन्याची सरासरी आहे 6 गुण आणि 4.6 रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर ताब्यात घेतलेले चेंडू). नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, त्याला कोणी निवडले नव्हते आणि नामवंतांच्या ऑल-स्टार सामन्याशी त्याचा कधी संबंध आला नाही. आज या गावी, उद्या त्या गावी असे काम करणाऱ्या फिरस्त्या खेळाडूचा हिशेब दुकानदार किती मन लावून ठेवतो, हे मला पाहायचे होते.

पान उघडताच वरच्या बाजूला संघांच्या रंगातले छोटे गणवेश ओळीने टांगलेले दिसतात. सॅन अँटोनियो स्पर्सचा 16 क्रमांक, डेट्रॉइट पिस्टन्सचा 12 आणि मग बॉस्टन, फिनिक्स व टोरोंटो या तिन्ही ठिकाणचा 46. एका माणसाची सगळी भटकंती दोरीवर वाळत घातल्यासारखी एका नजरेत येते आणि मला तरी पानाचा हा भाग सर्वांत आवडतो. जन्मस्थळापुढे मात्र न्यूझीलंडमधील गिझबर्न असे लिहिलेले आहे. ते बरोबरच आहे, पण तो वाढला उत्तर क्वीन्सलँडमधल्या मरीबा या लहानशा गावात आणि आयुष्यभर खेळला तो ऑस्ट्रेलियाच्या संघाकडून. केवळ पान वाचणाऱ्याचा इथे गोंधळ उडू शकतो.

वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातून 2009 साली बाहेर पडल्यावर त्याने लिथुआनियातील लिएतुवोस रितास, जर्मनीतील ओल्डेनबुर्ग, ग्रीसमधील इकारोस आणि स्लोव्हेनियातील युनियन ऑलिंपिया अशी चार देशांत चाकरी केली. मुख्य तक्त्यात या वर्षांना जागा नाही, कारण तिथे फक्त एनबीएचे हंगाम असतात. आंतरराष्ट्रीय नोंदींसाठी वेगळ्या पानाचा दुवा शोधून तिकडे जावे लागते. संकेतस्थळाचे मूळ काम एनबीएचे असल्यामुळे ही रचना समजण्यासारखी आहे. मात्र जानेवारी 2013 मध्ये स्पर्सनी ज्याला करारबद्ध केले तो 26 वर्षांचा, युरोपातल्या छोट्यामोठ्या क्रीडागृहांत घडलेला गडी होता, नवखा पोरगा नव्हे, हे मुख्य तक्त्यातून कळत नाही. तळाशी असलेली व्यवहारांची यादी ही उणीव थोडी भरून काढते. ऑस्टिन टोरोस या दुय्यम संघाकडे रवानगी, परत बोलावणे, पुन्हा रवानगी अशा कोरड्या नोंदी ओळीने वाचताना बदलीच्या नोकरीत बॅगा न उघडता राहणारा कारकून डोळ्यांसमोर येतो. स्पर्सबरोबर 2014 चे विजेतेपदही त्याच्या नावावर आहे, जरी त्या अंतिम मालिकेत तो बहुतांश वेळ बाकावरच बसून होता.

या संकेतस्थळाची खरी ताकद पाहायची असेल, तर लांबच्या रेषेबाहेरून केलेल्या तीन गुणांच्या फेकींचा स्तंभ वरून खाली वाचावा. डेट्रॉइट सोडेपर्यंतच्या पाच हंगामांत बेन्सने अशा फेकी केल्या त्या हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच. बॉस्टनमधल्या दुसऱ्या हंगामात 61 फेकींपैकी 21 यशस्वी झाल्या. 2019-20 मध्ये फिनिक्स सन्सकडून हा आकडा 168 पैकी 59 झाला, म्हणजे त्याच्या एकूण फेकींपैकी निम्म्याच्या आसपास फेकी आता रेषेबाहेरून होत होत्या. बत्तिशी गाठल्यावर बुजुर्ग सेंटरने नवी विद्या आत्मसात केली, असे यावर कोणी म्हणेल. तथापि शेजारचाच फ्री थ्रोचा, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या बिनअडथळ्याच्या फेकींचा, स्तंभ पाहिला तर तिथे कारकिर्दीची सरासरी 80 टक्क्यांच्या किंचित वर आहे, आणि एवढ्या आडदांड माणसासाठी ती फारच चांगली म्हणावी लागेल. हात पहिल्यापासून हलका होता. रेषेबाहेर उभे राहण्याची परवानगी तेवढी उशिरा मिळाली. दोन स्तंभ शेजारी ठेवल्यावर असा निष्कर्ष वाचकाला स्वतःचा स्वतः काढता येतो, आणि चांगल्या तक्त्याकडून मला तरी एवढीच अपेक्षा असते.

तारखेवर टिचकी मारून थेट सामन्याच्या तपशिलात जाण्याची सोयही उत्तम आहे. दिनांक 6 मार्च 2020, पोर्टलंडविरुद्ध: 37 गुण, 16 रिबाउंड, तीन गुणांच्या 9 यशस्वी फेकी. आपल्याकडे ती शनिवारची सकाळ होती. पाचच दिवसांनी करोनामुळे हंगाम थांबला. पुढे ऑरलँडोत उरलेले सामने झाले तेव्हा सन्सनी आठपैकी आठ जिंकले, पण करोनाची बाधा झालेला बेन्स त्यांतल्या एकाही सामन्यात उतरला नाही. त्यामुळे या हंगामाच्या ओळीत फक्त 42 सामने दिसतात. पगाराचा तक्ताही असाच बोलका आहे. डेट्रॉइटमध्ये वर्षाला सुमारे 65 लाख डॉलर मिळत होते. कराराचे एक वर्ष शिल्लक असताना ते सोडून तो बॉस्टनला सुमारे 43 लाखांवर गेला, आणि त्याच हंगामात 81 पैकी 67 सामन्यांत तो सुरुवातीच्या पाचांत होता.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. बेन्सला पाच संघांनी पैसे मोजले ते प्रामुख्याने स्क्रीन लावण्यासाठी. सहकारी चेंडू घेऊन येत असताना त्याचा पाठलाग करणाऱ्या बचावकाच्या वाटेत 118 किलोंचे शरीर अचूक क्षणी, अचूक कोनात आणि न हलता उभे करायचे, हे ते काम. बचावक आदळतो, अर्धे पाऊल मागे पडतो आणि तेवढ्यात बॉस्टनमधल्या कायरी अर्व्हिंगसारखा गार्ड, म्हणजे चेंडू घेऊन चाल रचणारा खेळाडू, मोकळा होऊन फेक करतो. गुण लिहिले जातात फेकणाऱ्याच्या नावावर. पास कोणी दिला असेल तर त्याला असिस्ट मिळतो. जो आडवा उभा राहिला त्याच्या रकान्यात काहीच पडत नाही. त्याहून गंमत म्हणजे याच पानावर खेळाच्या क्रमवार नोंदींचा एक तक्ता आहे आणि त्यात आक्रमणातील फाउलचा स्तंभ आहे. स्क्रीन लावताना पाय किंवा खांदा हलला की फाउल दिला जातो आणि तो त्या स्तंभात जमा होतो. म्हणजे बेन्सने लावलेली स्क्रीन चुकली, तरच या पानावर तिचा ठसा उमटतो.

कबड्डी पाहणाऱ्यांना हे दुखणे नवे नाही. कोपरारक्षकाने घोटा धरला आणि साखळीतल्या दुसऱ्याने अंगावर झेप घेऊन चढाईपटूला मध्यरेषेपासून रोखले, तरी पकडीचा गुण एकाच्याच नावे लागतो. बेन्सच्या बाबतीत तर उलटा न्यायही झाला. रिंगखाली उडी मारून आडवे येणे हे त्याचे कर्तव्य असल्याने त्याच्या डोक्यावरून डंक करणाऱ्यांची, म्हणजे उडी मारून चेंडू थेट रिंगमध्ये कोंबणाऱ्यांची, छायाचित्रे जगभर फिरली. जे सेंटर वेळीच अंग काढून घेतात, ते छायाचित्रात सापडत नाहीत आणि आकड्यांतही पकडले जात नाहीत.

हा दोष या संकेतस्थळाचा नाही, बॉक्स स्कोअर या प्रत्येक सामन्यातले खेळाडूंचे आकडे मांडणाऱ्या जुन्या वहीचाच आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. स्क्रीनमधून झालेले गुण आणि प्रतिस्पर्ध्याला अंगाने अडवून सहकाऱ्यासाठी मोकळा ठेवलेला रिबाउंड, यांच्या मोजणीसाठी एनबीएच्या स्वतःच्या संकेतस्थळावर गेल्या दशकापासून वेगळे तक्ते मिळतात. त्यामुळे सेंटरच्या जागेवरील खेळाडूचा अभ्यास करणाऱ्याने दोन्ही दुकाने पालथी घालावीत. मी स्वतः बॉस्टन सेल्टिक्सच्या एका जुन्या सामन्याचे चित्रण लावून वहीत स्क्रीनसाठी एक रकाना आखला आणि काड्या ओढत बसलो. पहिला क्वार्टर, म्हणजे सामन्याचा पहिला चतुर्थांश, संपेपर्यंत ती ओळ भरून पुढच्या ओळीवर जावे लागले; त्या क्वार्टरमधल्या बेन्सच्या गुणांसाठी एक चौकोनही जास्त झाला असता.

ऑस्ट्रेलियाच्या संघासाठी त्याने केलेल्या कामगिरीविषयी मुख्य पानावरून काहीच कळत नाही. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये कांस्यपदकाचा सामना ऑस्ट्रेलियाने स्पेनविरुद्ध एका गुणाने गमावला, तेव्हा तो त्या संघात होता. 28 जुलै 2021 रोजी टोकियोच्या स्पर्धेत इटलीविरुद्धच्या सामन्यादरम्यान तो स्वच्छतागृहात जमिनीवर पडलेला आढळला. मज्जारज्जूला इजा झाली होती. देशाच्या पुरुष संघाने 7 ऑगस्टला स्लोव्हेनियाला 107-93 असे हरवून आपले पहिले ऑलिंपिक पदक मिळवले, तेव्हा बेन्स रुग्णालयात होता. मुख्य तक्ता मात्र 2020-21 च्या टोरोंटो रॅप्टर्सच्या ओळीवर, 53 सामन्यांपाशी थांबतो. पुढचे वर्षभर त्याने पुन्हा उभे राहण्यासाठी मेहनत घेतली आणि 2022 साली तो ब्रिस्बेन बुलेट्सकडून ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये परतला. त्या लीगच्या नोंदीही संकेतस्थळावर आहेत, परंतु युरोपातल्या वर्षांप्रमाणेच निराळ्या पानावर.

वापराविषयी थोडे. बहुतेक सारे तक्ते फुकट पाहता येतात, स्तंभाच्या शीर्षकावर टिचकी मारली की क्रम बदलतो आणि तक्ता उतरवून स्वतःच्या संगणकावर घेता येतो. मोबाइलवर मात्र रुंद तक्ते बोटाने आडवे सरकवत वाचावे लागतात. संगणकाचा पडदा असेल तर तोच बरा. अमुक उंचीच्या खेळाडूंनी एका सामन्यात तीन गुणांच्या किती फेकी यशस्वी केल्या, असे शोध घेण्यासाठी स्टॅटहेड नावाची सशुल्क सेवा जोडलेली आहे. लेख लिहिणाऱ्यांना किंवा प्रशिक्षकांना तिचा उपयोग होईल. सकाळी चहाबरोबर सामना पाहून एखाद्या राखीव सेंटरची कुंडली चाळणाऱ्याला वर्गणी भरण्याची गरज नाही.